एवढेसे स्टेशन

प्रवासाहून परत आलेल्या माणसासाठी आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. काय काय पाहिले, हा पहिला. आणि आमच्यासाठी काय आणले, हा दुसरा. काय चुकीचे पाहिले, असा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि तो कोणी विचारीत नाही म्हणूनच प्रवासवर्णने इतक्या आत्मविश्वासाने लिहिली जात असावीत. मला मात्र परत आल्यापासून तो तिसरा प्रश्नच छळीत आहे. त्याचे उत्तर एका स्टेशनाच्या फलाटावर मला मिळाले, आणि ते स्टेशन इतके लहान आहे की त्याच्यावर लेख लिहावा असे त्याच्या फलाटावरून वावरणाऱ्यांनाही कधी वाटले नसेल.

२०२४ सालच्या मे महिन्यात मी स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी मुलीकडे पाच आठवडे राहून आलो. ती तेथील विद्यापीठात संशोधन करीत होती. तिचे बिऱ्हाड क्लाइड नदीच्या दक्षिणेस, विद्यापीठ उत्तरेस. आणि या दोहोंना जोडणारी भुयारी आगगाडी तिच्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर, सेसनॉक नावाच्या स्टेशनावर मिळे. मी पस्तीस वर्षे रेल्वेच्या हिशेबखात्यात घालविली. गाडीच्या चाकाला मी कधी हात लावला नाही हे खरे. पण रेल्वेतला माणूस, मग तो जन्मभर फायलीत का बुडालेला असेना, कोणत्याही स्टेशनाकडे पाहताना स्वतःला तपासनीस समजतो. त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी "चला बाबा, आमचे स्टेशन दाखवते," असे म्हणाली, तेव्हा मी परीक्षकाच्या थाटातच कोट चढविला.

रस्त्याच्या कडेला कमानीसारख्या वळत गेलेल्या जुन्या दगडी घरांची एक रांग आहे. वॉल्मर क्रेसेंट तिचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती बांधणारा अलेक्झांडर थॉमसन हा शिल्पज्ञ 'ग्रीक' थॉमसन म्हणूनच ओळखला जातो, इतके त्याला प्राचीन ग्रीक बांधणीचे वेड होते. गंमत अशी की ग्रीस देश त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्या घरांच्या पायथ्याशी एक लोखंडी कमान, तिच्यावर स्टेशनाचे नाव, आणि तिच्याखालून तळघरात उतरावे तशा पायऱ्या. आत तिकिटाची खिडकी. पुन्हा पायऱ्या. आणि मग एकच अरुंद फलाट. त्याच्या उजव्या हाताला एक रूळ, डाव्या हाताला दुसरा. संपले स्टेशन! ना घुमट, ना हमाल, ना पुस्तकांचे दुकान, ना चहाचा ठेला. ज्याने उभा जन्म बोरीबंदरच्या घुमटाखालून ये-जा केली, त्याच्या तोंडून दुसरे काय निघणार?

"एवढेसे स्टेशन?" मी म्हणालो.

मुलगी हसली. काही बोलली नाही.

गाडी आली, तीही स्टेशनाला शोभेशीच. आपल्या मोठ्या मार्गाच्या रुळांमध्ये साडेपाच फुटांचे अंतर असते, माथेरानच्या चिमुकल्या गाडीच्या रुळांत दोन फुटांचे. येथे ते चार फूट. भुयाराचा व्यास अवघा अकरा फूट. डब्यात दोन्ही बाजूंना लांबलचक बाके, आणि समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांस नमस्कार करण्याच्या बेतात. उंच माणसाने दाराशी मान लववावी. असा हा प्रवास करून आम्ही पाचवे स्टेशन हिलहेड येथे उतरलो. मधे केव्हा तरी, गोवन आणि पार्टिक यांच्या दरम्यान, क्लाइड नदी आमच्या डोक्यावरून वाहून गेली. पण तिचा थेंबसुद्धा कोणाच्या लक्षात आला नाही.

परतताना खिडकीतल्या माणसाशी मुलीने माझी ओळख करून दिली. साठीकडे झुकलेला, लालसर चेहऱ्याचा गृहस्थ. त्याने तिला 'हेन' म्हणून हाक मारली. हेन म्हणजे कोंबडी हे शाळेत पाठ केलेले असल्याने मी मनातून चपापलो. परंतु त्या शहरात मुलीबाळींना मायेने असेच म्हणतात, असे तिने मागून सांगितले. आपण नाही का पोरीला चिमणी म्हणत? मग त्याने मला विचारले, "आमचे हे वी स्टेशन कसे वाटले?" 'वी' म्हणजे लहान. हा शब्द स्कॉटिश माणसाच्या जिभेवर अष्टौप्रहर असतो. वी घर, वी पेला, वी पाऊस, वी गप्पा. मी सभ्यपणे "छान," म्हणालो, आणि लगेच मुंबईच्या एका स्टेशनातून दिवसाकाठी किती माणूस जातो हे त्यास ऐकविले. त्याने ते अदबीने ऐकून घेतले आणि पुढच्या उतारूला तिकीट दिले.

पुढे मी या रेल्वेचा इतिहास वाचला, आणि माझा तोरा थोडा उतरला. जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनची, १८६३ सालची. बुडापेस्टची १८९६ च्या मे महिन्यात निघाली, आणि तिसरी ही, त्याच वर्षीच्या १४ डिसेंबरला. सुरू झाली त्याच दिवशी अपघात झाला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू झाली ती पुढच्या जानेवारीत. त्या काळी गाड्यांना स्वतःची शक्ती अशी नव्हतीच. रुळांमधून एक अखंड पोलादी दोर वाफेच्या यंत्राने फिरत असे. गाडीने त्याला चिमट्याने धरावे आणि स्टेशन आले की सोडून द्यावे. १९३५ साली विजेचे युग आले तोवर हाच क्रम होता. डबा दुरुस्त करावयाचा झाला तर बाजूच्या रुळावर नेण्याची सोय नव्हती. गोवन येथे तो यारीने चक्क वर उचलून काढीत. १९७७ साली रेल्वे बंद ठेवून ती सगळी नव्याने बांधली आणि १९८० साली पुन्हा उघडली. नव्या गाड्या नारिंगी रंगाच्या आल्या. पण जुन्या बोगद्यांना जो एक ओलसर, मातकट वास असे तो त्या दुरुस्तीत गेला, याची हळहळ वृद्ध मंडळी अजून करतात. वासासाठी हळहळणारे उतारू मी माझ्या सबंध नोकरीत पाहिले नव्हते.

या सव्वाशेहून अधिक वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती म्हणजे मार्ग. तो आहे एक वर्तुळ. घेर साडेदहा किलोमीटर, स्टेशने पंधरा, एका फेरीस चोवीस मिनिटे. एक गाडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, दुसरी उलट. ना फाटा, ना शेवटचे स्टेशन. १८९६ पासून या मार्गात एका फर्लांगाचीही भर पडलेली नाही.

आता या स्टेशनाचे पाहुणे. मी तेथे असताना नाना तऱ्हेचे पाहुणे पाहिले, आणि प्रत्येकाने स्टेशन आपापल्या मापाने मोजले. शेजारच्या आयब्रॉक्स येथे फुटबॉलचे मोठे क्रीडांगण आहे. सामन्याच्या दिवशी निळे गळपट्टे घातलेले लोक या अरुंद फलाटावर असे दाटत की मला दादर आठवे. त्यांना स्टेशन म्हणजे सामना आणि घर यांमधला एक अडथळा. जुन्या नारिंगी गाड्या त्या जून महिन्यात कायमच्या निघावयाच्या होत्या आणि नव्या गाड्या आधीच्या डिसेंबरापासून धावू लागल्या होत्या. म्हणून काही शौकीन मंडळी कॅमेरे घेऊन तासचे तास उभी राहत. त्यांना नारिंगी रंगापलीकडे काही दिसत नसे. विद्यार्थ्यांमध्ये तर पंधराही स्टेशनांवर उतरून प्रत्येक ठिकाणी एकेक पेला रिचविण्याची चाल आहे. अशांपैकी कोणी सेसनॉकला पोहोचेपर्यंत त्याला एका फलाटाचे दोन दिसत असावेत. माझा एक शाळूसोबती तीस वर्षे लंडनला असतो. तो भेटीस आला आणि पायऱ्या उतरता उतरताच म्हणाला, "अरे, ही तर खेळण्यातली रेल्वे!" युरोप पाहावयास निघालेले माझे मेहुणे आणि त्यांची पत्नी दोन दिवस डोकावून गेली. मेहुण्यांनी फलाट पावलांनी मोजला, मान हलविली आणि भाचीला म्हणाले, "एवढेसेच का गं तुझे स्टेशन?"

"हो मामा, एवढेसेच," ती म्हणाली. तिच्या 'एवढेसेच'चा सूर निराळा होता. पण तो मला तेव्हा ऐकू आला नाही.

ऐकू न येण्यास कारण होते, आणि ते आता सांगितले पाहिजे. २०२३ च्या जानेवारीत, एका रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास, माझी पत्नी पुण्यास वारली. दुखणे चार दिवसांचे. मी मुलीला दूरध्वनी केला. "तू नीघ," एवढेच मला बोलता आले. तिची वाट पाहावयाची की नाही, हे मी तिला विचारले नाही. वडीलधाऱ्यांनी ठरविले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निसंस्कार झाला. ती पोहोचली तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करून आम्ही परतलो त्यानंतर. आली ती कोरड्या डोळ्यांनी. तेरा दिवस तिने येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा केला, बँकेचे कागद लावले, आईच्या साड्या घड्या करून वाटल्या आणि चौदाव्या दिवशी ती निघून गेली. माझ्या देखत ती एकदाही रडली नाही. ती गेल्यावर मी माझ्या बहिणीपाशी म्हणालो, "परक्या मुलखाने पोर कोरडी करून टाकली." हे वाक्य मी पुढे आणखी दोघातिघांपाशी उच्चारले. दुःखात माणसाला कोणावर तरी खटला भरावासा वाटतो. मी तो माझ्याच मुलीवर भरला होता, आणि निकालही देऊन मोकळा झालो होतो. ग्लासगोला मी गेलो तो हा निकाल खिशात घेऊनच.

माझ्या मुक्कामाचा तो चौथा रविवार असावा. रविवारी ही गाडी संध्याकाळी सहाच्या सुमारासच बंद होत असे. आम्ही शहरात फिरून परतलो होतो आणि सेसनॉकच्या फलाटावर उतरलो होतो. बाहेर पाऊस लागला होता, म्हणून तेथल्याच बाकावर जरा टेकलो. समोरून एक गाडी आली, गेली. पाठीमागून दुसरी आली, तीही गेली. मला माझी जुनी थट्टा सुचली.

"काय ही गाडी! दिवसभर धावते आणि जात कुठेच नाही. घाण्याचा बैल परवडला, तो निदान तेल तरी काढतो."

मुलगी रुळांकडे पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, कुठेच न जाणारी गाडी कधी कधी लागते माणसाला."

मग तिने, काही विशेष सांगत आहोत असा आव न आणता, सांगितले. माझा दूरध्वनी आला तेव्हा तेथे दुपारचे तीन वाजले होते. विमान मिळाले ते दुसऱ्या दिवशी सकाळचे. सामान बांधावयास दहा मिनिटे पुरली. पुढे काय करावे? खोलीत बसवेना. कोणाकडे जावे तर काय झाले ते सांगावे लागणार, आणि सांगितले म्हणजे ते खरे होणार. ती घराबाहेर पडली, सवयीने या पायऱ्या उतरली आणि पुढ्यात आलेल्या गाडीत बसली.

"रविवारी आईचा फोन यायचा ना," ती म्हणाली, "तेव्हा मी पुष्कळदा गाडीत असे. स्टेशनात बोलणे चाले आणि भुयारात शिरले की तुटे. मग पुन्हा लागला की ती म्हणे, 'गेली होती का गाडी पाताळात?' त्या दिवशी मला वाटले, पाताळातच बसावे. तिथे फोन लागत नाही. म्हणजे कोणी पुन्हा तेच सांगणार नाही."

साडेतीनपासून सहापर्यंत ती फिरत होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. ती सवय जात नाही. चोवीस मिनिटांची एक, अशा सहा फेऱ्या. पंधरा स्टेशने सहा वेळा. क्लाइड नदीखालून प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे बारा वेळा. समोरच्या बाकावरची माणसे बदलत होती. गुडघ्यास गुडघा लागेल इतक्या जवळ बसून ती सर्व आपापल्या पायांकडे पाहत होती, आणि ती रडत होती. कोणी काही विचारले नाही. एका म्हातारीने उतरताना कागदी रुमालांची पुडी तिच्या मांडीवर ठेवली, एवढेच. सहा वाजता सेसनॉकला गाडी थांबली तेव्हा तिकिटाच्या खिडकीतला तो लालसर चेहऱ्याचा गृहस्थ फलाटावर उभा होता. त्याने तिला आपल्या पडद्यावर वारंवार जाताना पाहिले असावे. "ही शेवटची, हेन," तो म्हणाला. काय झाले, हे त्यानेही विचारले नाही. तिच्याबरोबर पायऱ्या चढून वर आला, पाऊस पाहिला, आत जाऊन स्वतःची छत्री आणून तिला दिली आणि दार ओढून घेतले. तो कसा घरी गेला असेल, हे तिला पुण्याच्या विमानात बसल्यावर सुचले. पुण्याहून परतल्यावर तिने पहिले काम केले ते छत्री परत देण्याचे.

"घरी आल्यावर रडू आले नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे पाहिले आणि वाटले, आता मीही रडू लागले तर चहा कोण करील?"

मी काही बोललो नाही. बोलावे असे पुष्कळ होते. परंतु खटला खोटा ठरल्यावर न्यायाधीशाने काय बोलावे, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही. समोरून पुन्हा एक गाडी आली. तिची दारे उघडली, कोणी उतरले नाही, कोणी चढले नाही. दारे मिटली आणि गाडी निघून गेली. तेव्हा प्रथमच मी तो फलाट पाहिला. अरुंद खरा, पण तो अरुंद आहे म्हणूनच त्या खिडकीतल्या माणसाच्या नजरेतून एक रडणारी मुलगी निसटू शकली नाही. माझ्या घुमटाखालच्या स्टेशनात दररोज किती मुली अशा रडत जात असतील! त्यांची गणती हिशेबखात्याकडे नसते. आमच्याकडे माणसे मोजण्याची सोय होती, ओळखण्याची नव्हती. तेथील लोक आपल्या स्टेशनाला 'वी' म्हणतात त्यात माप नसते, माया असते. आपल्या 'एवढेसे'तही दोन्ही आहे. दुकानदाराने दिलेल्या तुकड्याकडे पाहून आपण म्हणतो 'एवढेसे', आणि पाळण्यातल्या मुलाच्या मुठीकडे पाहूनही म्हणतो 'एवढेसे'. शब्द एकच, फरक पडतो तो म्हणणारा कोठे उभा आहे यामुळे. पाहुणा दाराशी उभा राहून म्हणतो. घरचा माणूस आतून म्हणतो. आणि मी तर स्वतःच्या मुलीच्या दाराशीही पाहुण्यासारखाच उभा राहून निकाल देत आलो होतो. न पाहिलेल्या ग्रीसवर थॉमसनने जन्मभर प्रेम केले. मला डोळ्यांसमोरची मुलगी दिसली नाही.

निघण्याच्या दिवशी मी मुद्दाम त्या खिडकीशी गेलो. आभार मानावे असे मनात होते. पण ज्याने दीड वर्षापूर्वी एक छत्री दिली त्याला, आज अचानक एका म्हाताऱ्या परदेशी माणसाने गहिवरून काही सांगणे, हे त्याला अवघडवून टाकणारे झाले असते. त्यानेच विचारले, "निघालात? मग आमचे वी स्टेशन आवडले का?"

"पुरेसे मोठे आहे," मी म्हणालो.

तो हसला. त्याला थट्टा वाटली असावी. तसे वाटले तर बरेच झाले.

मी परत आल्यावर चार महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२४ रोजी, आमच्या पुण्यातही भुयारी रेल्वेचा स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला. त्या मार्गावरचे जिल्हा न्यायालयाचे स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. मंडईचे स्टेशन पाहावयास पहिल्या आठवड्यात कुटुंबेच्या कुटुंबे येत होती. मीही शेजाऱ्यांबरोबर गेलो. सरकते जिने, झगझगीत दिवे, आरशासारखी फरशी. शेजारी म्हणाले, "काय भव्य काम आहे! तुम्ही विलायतेतले पाहून आलात. तिथे असे आहे का?" मी म्हणालो, "नाही, तिथे एवढेसे आहे." बोलता बोलता माझे लक्ष फलाटाच्या टोकाशी असलेल्या बाकाकडे गेले. तेथे कोणी बसलेले नव्हते. सगळेजण छायाचित्रे काढण्यात गढले होते. स्टेशन नवे आहे. तेथे अजून कोणी कोणाला शोधीत आलेले नाही, कोणी रडलेले नाही, कोणी कोणाला छत्री दिलेली नाही. ते सारे व्हावयास वर्षे लागतील. तोवर आपण सर्वच तेथे पाहुणे.

बहिणीपाशी उच्चारलेले ते वाक्य मी तिच्याकडे जाऊन मागे घेतले. ज्या दोघातिघांपाशी बोललो होतो त्यांच्याकडेही गेलो. मुलीला मात्र त्याविषयी अजून काही सांगितलेले नाही. दर रविवारी आता मी तिला दूरध्वनी करतो. मधेच बोलणे तुटले की मी थांबतो. चार मिनिटांनी तो पुन्हा लागतो, आणि मी तिच्या आईचाच प्रश्न विचारतो. पण हे दुसरे काही तोंडून निघत नाही. हा अंक मी तिला पाठविणार आहे. ती तो बहुधा गाडीतच वाचील.